‘माइंड गेम्स’मध्ये दाखवतात तसा कुणाचा निर्णय बदलता येतो का?

प्रश्न असा आहे : ‘माइंड गेम्स’ या अमेरिकन मालिकेत दोन भाऊ मानसशास्त्र वापरून लोकांचे निर्णय बदलून द्यायचा व्यवसाय करतात. हे प्रत्यक्षात जमतं का? असं काम करणाऱ्या कंपन्या असतात का? आणि मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीला या क्षेत्रात यायचं असेल तर काय करावं?

माझं शिक्षण मानसशास्त्राचं. आरोग्याच्या आणि बचतीच्या योजनांमध्ये लोकांच्या सवयी कशा बदलतील, यावर मी बरीच वर्षं काम करते आहे. म्हणून आधी थोडक्यात सांगते. निर्णय बदलता येतात, अशा कंपन्या असतात, आणि तुम्हाला या कामात येताही येईल. पण ठरावीक एका माणसाचं मन ठरावीक दिवसाच्या आत आपल्याला हवं तिकडे फिरवणं, हे मालिकेतलं मुख्य काम विज्ञानाला जमत नाही. ते जमतं असं सांगणाऱ्यापासून जपून राहा.

मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : २०१४च्या फेब्रुवारीत एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. निर्माता काइल किलेन. कथा शिकागोत घडते. एक भाऊ क्लार्क (स्टीव्ह झान) मानवी वर्तनाचा अभ्यासक, विद्यापीठातली नोकरी गमावलेला, बायपोलर हा मनाचा आजार असलेला. दुसरा रॉस (ख्रिश्चन स्लेटर) फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. एकाकडे संशोधन, दुसऱ्याकडे लोकांना गुंडाळायचं कसब, आणि दोघांनी मिळून काढलेली कंपनी. पाच भागांनंतर वाहिनीने मालिका बंद केली. पण याच जातीच्या मालिका आधीही होत्या आणि नंतरही आल्या : चेहऱ्यावरून खोटं ओळखणाऱ्या तज्ज्ञाची ‘लाय टू मी’ (२००९ ते २०११), ज्यूरीचं मन वाचणाऱ्याची ‘बुल’ (२०१६ ते २०२२), आणि वर्तनशास्त्राच्या प्राध्यापकाची ‘द इर्रॅशनल’ (२०२३ ते २०२५). त्यामुळे मी जे सांगणार आहे ते या सगळ्यांना लागू पडतं.

एक गोष्ट या मालिका अगदी बरोबर पकडतात. माणूस काय करेल हे त्याच्या स्वभावाइतकंच, पुष्कळदा त्याहून जास्त, त्याच्यासमोर गोष्ट कशी मांडली आहे यावर ठरतं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३मध्ये युरोपातल्या देशांची अवयवदानाची आकडेवारी शेजारीशेजारी ठेवली. जर्मनीत संमती देणारे १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. दोन्हीकडची भाषा एक, संस्कृती जवळपास एक. फरक एवढाच की जर्मनीत दाता व्हायचं असेल तर स्वतःहून नोंद करावी लागायची, आणि ऑस्ट्रियात व्हायचं नसेल तर नकार नोंदवावा लागायचा. दोन्ही देशांत बहुतेकांनी काहीच केलं नाही, आणि काहीच न करण्याचा अर्थ कायद्याने आधीच ठरवून ठेवला होता. हे आकडे वर्गात सांगितले की मुलं चकित होतात. मग मी लगेच पुढची गोष्ट सांगते : कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष प्रत्यारोपण नव्हे. तिथे नातेवाइकांना विचारलं जातं, रुग्णालयात समन्वयक लागतो, अवयव वेळेत पोहोचवणारी यंत्रणा लागते. मांडणी बदलून कागद बदलला, पण रुग्णालय बदलायला पैसा आणि माणसं लागतात. टीव्हीवरच्या कथेत हा दुसरा भाग कधीच येत नाही.

मालिकेच्या पहिल्या भागातलं प्रकरण घ्या. एका आईच्या मुलाला हृदयाच्या शस्त्रक्रियेची गरज आहे, विमा कंपनी खर्च द्यायला नकार देते, आणि दोघे भाऊ कंपनीतल्या निर्णय घेणाऱ्या माणसाचं मन वळवायच्या मागे लागतात. यामागे खरं संशोधन आहे. २००७मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एक प्रश्नावली भरण्याचे पाच डॉलर दिले आणि त्यातून मदत करायची का, असं विचारलं. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिची हकिगत दिली. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाला पाहणाऱ्यांनी २.३८. आणि ज्यांना दोन्ही दिलं, मुलगीही आणि आकडेही, त्यांची मदत १.४३वर घसरली. निधी गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा प्रयोग भिंतीवर लावावा इतका तो उपयोगाचा आहे. एक चेहरा मनाला भिडतो, आणि त्याच्या शेजारी तक्ता ठेवला की तो चेहरा फिका पडतो.

पण विमा कंपनीतला अधिकारी हा खिशातले पाच डॉलर देणारा माणूस नाही. त्याला मुलाचा फोटो पाहून रडू आलं तरी तो सही करू शकेलच असं नाही, कारण निर्णय त्याच्या मनात नसतोच. तो असतो पॉलिसीच्या कलमात, वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या शेऱ्यात, अपील ऐकणाऱ्या समितीत. खऱ्या आयुष्यात अशी आई माझ्याकडे आली तर मी तिला मनाचे खेळ शिकवणार नाही. नकार लेखी घ्या, त्यात कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लिहून मागा, तुमच्या डॉक्टरांचं पत्र नेमकं त्या कलमाला उत्तर देणारं असू द्या, आणि अपील करा. आपल्याकडे असेल तर आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. यात टीव्हीला दाखवण्यासारखं काही नाही, पण अडलेले निर्णय याच वाटेने सुटतात. आमच्या कामातला निम्मा वेळ निर्णय नेमका कुठे घेतला जातो हे शोधण्यात जातो. मालिका तो शोध गाळून थेट एका खुर्चीत बसलेल्या माणसापाशी पोहोचते, आणि तिथेच ती वास्तवापासून दूर जाते.

आता अशा मालिकांमधल्या युक्त्यांविषयी. समोरच्याच्या नकळत त्याच्या कानावर काही शब्द पाडा, खोलीत एखादी वस्तू ठेवा, हातात गरम कॉफीचा कप द्या, म्हणजे तो नकळत तसा वागू लागेल, असा एक मोठा संशोधनप्रवाह होता. जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा १९९६चा प्रयोग त्यात सगळ्यांत गाजला : म्हातारपणाशी संबंधित शब्द असलेली वाक्यं जुळवायला दिली तर तरुण विद्यार्थी बाहेर पडताना हळू चालतात. २०१२मध्ये ब्रसेल्समध्ये स्टेफान डोयेन आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला, वेळ यंत्राने मोजली, आणि परिणाम दिसला नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्या साहाय्यकांनाच सांगितलं की मुलं हळू चालणार आहेत. तेव्हा मात्र मुलांची चाल मंदावलेली आढळली. प्रभाव कुणावर पडला होता, हे तिथे उघड झालं.

त्यानंतर एकामागून एक बुरूज ढासळले. २०१५मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सांख्यिकीच्या कसोटीवर टिकणारा निष्कर्ष साधारण ३६ टक्क्यांमध्येच मिळाला. हात कमरेवर ठेवून छाती काढून उभं राहिल्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात, या दाव्याची तीच गत झाली, आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६मध्ये आपला त्यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. स्वतःवर ताबा ठेवायची मनाची शक्ती वापरून संपते, या सिद्धान्ताची २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासणी केली तर परिणाम शून्याच्या आसपास निघाला.

‘द इर्रॅशनल’च्या बाबतीत हे आणखी बोचतं. ती मालिका डॅन एरिअली यांच्या २००८च्या पुस्तकावर बेतलेली आहे. एरिअली सहलेखक असलेला २०१२चा एक शोधनिबंध सांगत होता की फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक अधिक खरं लिहितात. जगभरच्या सरकारी खात्यांनी त्याची दखल घेतली. २०२१मध्ये त्यातल्या मोटार विम्याच्या प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं तीन संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं, आणि निबंध मागे घेतला गेला. आपण आकडे बनवले नाहीत, असं एरिअली यांचं म्हणणं आहे. कुणी बनवले या वादात मला पडायचं नाही. मला सल जाणवते ती वेगळीच : आमच्यासारख्या कित्येकांनी त्या निष्कर्षाच्या भरवशावर फॉर्म बदला म्हणून सल्ले दिले, आणि लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवला. विषय लोकप्रिय होण्याच्या घाईची किंमत अशी मोजावी लागते.

इथे कुणी म्हणेल, मग सगळंच थोतांड? अजिबात नाही. टिकलेलं पुष्कळ आहे, फक्त त्याचा आकार मालिकेत दाखवतात त्याहून खूप लहान आहे. स्तेफानो देल्लाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२मध्ये जे मांडलं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाठ करावं. अमेरिकेतल्या दोन मोठ्या वर्तनशास्त्र गटांनी केलेले १२६ प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. त्यांत मिळून सुमारे २ कोटी ३० लाख लोक होते. शैक्षणिक नियतकालिकांमध्ये छापून आलेल्या अशा प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के अंकांचा दिसतो. या गटांच्या सगळ्या प्रयोगांत, म्हणजे यशस्वी आणि फसलेले सगळे धरून, तो १.४ अंक निघाला. आधी शंभरातले सतरा लोक एखादी गोष्ट करत असतील तर आता अठरा किंवा थोडे अधिक करतील, एवढा.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण माझ्या उत्तराचा गाभा त्यातच आहे. दहा लाख लोकांना जाणाऱ्या पत्रातलं एक वाक्य बदलून चौदा हजार जास्त लोकांनी लस घेतली, कर भरला किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज केला, तर ती फार मोठी गोष्ट आहे, आणि खर्च जवळपास काही नाही. पण त्या दहा लाखांतला एक माणूस माझ्यासमोर बसवून ‘याला वळवा’ म्हणालात, तर त्या वाक्याचा मला काहीएक उपयोग नाही. तो त्या चौदा हजारांत असेल, किंवा आधीपासूनच कर भरणाऱ्यांत, किंवा कधीच न भरणाऱ्यांत. मला कळायचा मार्ग नाही. मालिकेतल्या भावांकडे मात्र दर आठवड्याला एकच माणूस असतो आणि त्याने वळायलाच हवं असतं. विज्ञान सरासरीचं आहे, आणि कथा एका माणसाची.

मुंबईतलं एक उदाहरण सांगते, कारण ते मला कुठल्याही मालिकेहून जास्त आवडतं. हार्बर मार्गावर वडाळ्याला रूळ ओलांडताना लोक मरत होते. दंड, सूचनाफलक, घोषणा, सगळं करून झालं होतं. २००९-१०च्या सुमारास ‘फायनलमाइल’ या मुंबईच्या कंपनीने तिथे तीन बदल केले. पहिला : रुळांखालचे ठरावीक स्लीपर भडक पिवळे रंगवले. मोठी वस्तू समोरून येत असली की तिचा वेग आपल्याला आहे त्याहून कमी वाटतो. गाडी पिवळे पट्टे एकेक करून गिळत येताना दिसली की वेगाचा अंदाज सुधारतो. दुसरा : मोटरमनने एक लांब भोंगा देण्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायचे. सलग आवाजाला कान सरावतात, मधली शांतता लक्ष खेचते. तिसरा : गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भयाने विस्फारलेल्या चेहऱ्याचे फोटो, जिथून लोक रुळांत उतरतात नेमके तिथे. चित्रातली कवटी पाहून कुणाला काही वाटत नाही, माणसाचा चेहरा पाहून पोटात गोळा येतो. मृत्यू बरेच कमी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. प्रयोग एका जागेचा होता, त्यामुळे पट्ट्यांचा वाटा किती आणि भोंग्याचा किती हे वेगळं काढता येत नाही. पण विचार करण्याची पद्धत बघा. रूळ ओलांडणाऱ्याला मूर्ख किंवा बेपर्वा ठरवलं नाही. त्याला कामावर जायची घाई आहे आणि त्याच्या डोळ्यांना वेग नीट कळत नाही, एवढंच धरलं आणि जागेत दुरुस्ती केली.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला लसीकरणाचा प्रयोगही असाच आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या गावांत काहीच केलं नव्हतं तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के होती. ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरू लागलं तिथे ती १८ टक्के झाली. शिबिरासोबत दर लसीला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटल्यांचा संच मिळू लागला तिथे ३९ टक्के. डाळीची गोष्ट सगळे सांगतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना मधला आकडा पाहायला लावते. नर्स ठरलेल्या दिवशी हजर राहिली, एवढ्यानेच प्रमाण तिप्पट झालं. लोकांचं मन वळवायला निघण्याआधी दवाखाना उघडा आहे का ते बघावं लागतं.

मी हे एका तालुक्याच्या ठिकाणी फार जवळून पाहिलं. रक्तदाबाचे रुग्ण पहिल्या महिन्याची गोळ्यांची पाकिटं घेऊन जायचे आणि दुसऱ्या महिन्यात फिरकायचे नाहीत. आम्हाला बोलावलं ते संदेश लिहायला : भीती घालावी की प्रेमाने सांगावं, नातवाचा फोटो टाकावा का. मी दोन दिवस औषधांच्या खिडकीशेजारी बाकावर बसून राहिले. एक आजी आल्या. कंपाउंडरने न बघता पुढची तारीख कार्डावर टाकली. आजींनी कार्ड उलटं धरून विचारलं, “दादा, कोणता वार पडतोय?” तो म्हणाला, “मंगळवार.” आजी काही बोलल्या नाहीत, कार्ड कनवटीला लावून निघाल्या. बाहेर गाठून विचारलं तर म्हणाल्या, “मंगळवारी कोण आणतंय बाई मला? आमची जीप गुरुवारी येती, बाजाराला.” संदेश राहिले बाजूला. गोळ्या द्यायचा दिवस बाजाराच्या दिवशी घेतला, आणि तारीख कंपाउंडरने टाकण्याऐवजी रुग्णाला किंवा सोबतच्या माणसाला विचारून, त्यांच्याच हाताने कार्डावर लिहून घेऊ लागलो. स्वतः लिहिलेली तारीख माणूस जास्त पाळतो, हे बांधिलकीचं तत्त्व टिकलेल्या संशोधनातलं आहे. पण वार चुकीचा असता तर त्याचा काही उपयोग नव्हता.

मग एकट्या माणसाचं मन कधी बदलतच नाही का? बदलतं, आणि त्यासाठी सगळ्यांत भरवशाची पद्धत आहे ती मालिकांच्या अगदी उलट्या टोकाची. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून ती मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. तिचं नाव ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’, आपल्याकडची व्यसनमुक्तीची माणसं तिला नुसतं ‘एमआय’ म्हणतात. तिचं सूत्र सोपं आहे : बदलाची कारणं तुम्ही सांगायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. तुम्ही जितकं पटवाल तितका तो आहे त्या बाजूने वाद घालेल, आणि स्वतःचाच वाद ऐकून त्यात पक्का होईल. तंबाखू खाणाऱ्या एका काकांसोबतचं संभाषण साधारण असं जातं. “काका, सोडावी असं दहापैकी किती वाटतं?” “चार.” इथे नवखा समुपदेशक विचारतो, चारच का, आणि काका न सोडण्याची कारणं सांगायला लागतात. शिकलेला विचारतो, “चार म्हणालात. दोन का नाही म्हणालात?” काका थांबतात. मग म्हणतात, “नात मांडीवर बसत नाही. वास येतो म्हणते.” आता बोलणारे ते आहेत आणि ऐकणारेही तेच. याला महिने लागतात, माणसं घसरतात, पुन्हा येतात. आणि ज्याला आतून काहीच वाटत नाही, ज्याचं उत्तर शून्य आहे, त्याच्यावर ही पद्धत चालत नाही.

पण एका बाबतीत मालिका खरी आहे, आणि ती बाब भयंकर आहे. ठरावीक एका माणसाकडून, ठरावीक वेळात, त्याच्या हिताविरुद्ध निर्णय करवून घेणारे लोक जगात आहेत : रॉसच्या जातीचे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी यांची आयुष्यभराची पुंजी जाते तेव्हा लोक म्हणतात, “एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा?” मी त्या पायऱ्या उलगडून सांगते. आधी धक्का : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग अधिकार : व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, शिक्का असलेलं पत्र. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात ४० पैकी २६ माणसं फक्त कोट घातलेल्या माणसाने ‘चालू ठेवा’ म्हटल्याने समोरच्याला शेवटचा ४५० व्होल्टचा झटका देण्यापर्यंत गेली होती. (झटका खरा नव्हता, पण त्यांना तो खरा वाटत होता.) मग एकटं पाडणं : कॅमेरा बंद करायचा नाही, बायकोला सांगायचं नाही, चौकशी गुप्त आहे. मग लहान होकार : आधार क्रमांक वाचून दाखवा, खोलीचं दार लावा, घरात कोण कोण आहे सांगा. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६मध्येच दाखवलं होतं की लहान विनंती मान्य केलेला माणूस नंतरची मोठी विनंती कितीतरी अधिक वेळा मान्य करतो. आणि शेवटी थकवा : तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चाललेला कॉल. त्यानंतर ‘तपासणीसाठी’ पैसे वळते करायला सांगणं ही फक्त पुढची पायरी उरते.

यात मनाची कुठलीही गुप्त किल्ली नाही. माणसाला भीती घातली, बाकीच्या जगापासून तोडलं आणि विचार करायला वेळ दिला नाही. म्हणून बचावही सोपाच आहे : कॉल तोडा आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगा. दुसरा माणूस खोलीत आला की सगळी रचना कोसळते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि फसलेल्या माणसाला कृपा करून मूर्ख म्हणू नका. त्या लाजेपायी लोक तक्रार करायला येत नाहीत, आणि पहिले मोलाचे तास निघून जातात.

‘लाय टू मी’बद्दल एकच सांगते, कारण तिचा परिणामच संशोधकांनी मोजला आहे. २०१०मध्ये टिमथी लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना तिचा भाग दाखवला, काहींना वेगळी मालिका, आणि मग मुलाखती दाखवून खरं-खोटं ओळखायला सांगितलं. मालिका पाहिलेल्यांना खोटं जास्त ओळखता आलं नाही. उलट खरं बोलणाऱ्यांवर ते जास्त संशय घेऊ लागले. तशीही, नुसतं पाहून-ऐकून खोटं ओळखण्यात माणसांची सरासरी अचूकता ५४ टक्के आहे, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. असे अर्धवट ‘तज्ज्ञ’ नोकरीच्या मुलाखती घेतात, घरात मुलांच्या चेहऱ्यावरून चोरी ठरवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आणि क्लार्कच्या आजाराबद्दल. बायपोलर असणं आणि प्रतिभा असणं यांची गाठ मालिकेने इतकी घट्ट बांधली आहे की औषधं घेतली तर प्रतिभा जाईल, असं पाहणाऱ्याला वाटावं. हा समज घेऊन गोळ्या बंद करणारी तरुण मुलं मानसोपचारतज्ज्ञांकडे येतात. गोळ्यांनी सुस्ती येत असेल तर डॉक्टरांशी बोला. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. एकदम बंद करणं धोक्याचं आहे.

आता तुमचा कामाबद्दलचा प्रश्न. मालिकेत आहे तशी, ‘अमक्याचा निर्णय फिरवून द्या’ म्हणून पैसे घेणारी प्रामाणिक कंपनी मला माहीत नाही. पण लंडनमध्ये २०१०मध्ये ब्रिटिश सरकारने सुरू केलेल्या ‘बिहेव्हियरल इनसाइट्स टीम’पासून आज अनेक देशांत असे गट आहेत, आपल्याकडेही आहेत. बँका, ॲप बनवणाऱ्या कंपन्या, आरोग्याच्या संस्था अशी माणसं घेतात. ॲपच्या कामात एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येईल : ‘रद्द करा’चं बटण फिकट करायचं का, पैसे भरताना शेवटच्या पायरीवर विमा आपोआप जोडायचा का, ‘फक्त दोनच खोल्या उरल्या’ असं खोटं लिहायचं का. भारत सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात मार्गदर्शक तत्त्वं काढून अशा १३ क्लृप्त्यांना मनाई केली आहे. ती यादी मुलाखतीला जाण्याआधी वाचा. मी स्वतः एकच कसोटी लावते : आपण काय केलं ते त्या माणसाला नंतर समोर बसवून सांगता येईल का, आणि ऐकून तो ‘बरं केलंत’ म्हणेल का? बाजाराच्या दिवशी गोळ्या देणं त्यात बसतं. वडाळ्याचे पिवळे पट्टे बसतात. त्या दोघा भावांच्या व्यवसायाचा पायाच मुळात समोरच्याला कळू न देण्यावर आहे.

एम.ए. करताना सांख्यिकी टाळू नका. आपल्याकडे मुली समुपदेशन आवडतं म्हणून येतात आणि आकड्यांचा पेपर कसाबसा सोडवतात. या कामात तोच पेपर रोज लागतो : नमुना किती मोठा घ्यायचा, तुलनेचा गट कसा निवडायचा, फसलेला प्रयोग फसला म्हणून कसा लिहायचा. आर (R) नावाची सांख्यिकीची मोफत संगणकप्रणाली शिकून घ्या. गाजलेला प्रत्येक अभ्यास वाचला की तो पुन्हा कुणी करून पाहिला का, हे लगेच शोधायची सवय लावा. आणि प्रबंधासाठी प्रश्नावली वाटण्यापेक्षा एखादी खिडकी निवडा : रेशनची, तिकिटाची, दाखल्यांची, कुठलीही. परवानगी घ्या, आठवडाभर तिथे बसा, लोक कुठे अडतात आणि कुठून परत जातात ते लिहून काढा. त्यातली एक अडचण दूर करून आधीचे आणि नंतरचे आकडे मोजा, आणि जमलं तर शेजारच्या, काही न बदललेल्या खिडकीचे आकडेही सोबत मोजा. असा प्रबंध घेऊन आलेल्या मुलीला मी मुलाखतीत दुसरं फारसं काही विचारणार नाही.